माहूरगड : पैनगंगेपलीकडचा किल्ला, मठ आणि मंदिरे

यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा बव्हंशी पैनगंगा नदीने आखलेली असून, महागाव तालुक्यातील धनोड्याजवळ नदी ओलांडली की सागाच्या जंगलातून वर आलेले माहूरचे डोंगर दिसू लागतात. कागदोपत्री हे गाव नांदेड जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात मोडते. तथापि आर्णी, दिग्रस, पुसद, महागाव आणि उमरखेड या भागांतील असंख्य घरांची कुलदेवता याच डोंगरावर असल्यामुळे लग्नानंतरचे दर्शन, जावळ, गोंधळ आणि नवरात्रातील वारी या निमित्ताने यवतमाळकरांचे माहूरला जाणे-येणे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. डोंगरावर वसलेले जुने गाव, त्याला लागून किल्ला, शिखरावर मध्ययुगीन परंपरेचा मठ आणि भोवती दाट अरण्य असे एकत्र दृश्य महाराष्ट्रात मोजक्याच ठिकाणी आढळते. माहूर हे त्यांपैकी एक आहे. परंतु बहुसंख्य लोक तेथे केवळ दर्शनासाठी जात असल्याने या गावाच्या इतिहासाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

माहूरचे डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून शेकडो किलोमीटर पूर्वेला असले तरी त्यांची घडण त्याच काळ्या बेसॉल्ट खडकाची, म्हणजे लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झालेल्या दगडाची आहे. अशा डोंगरांचे माथे बरेचसे सपाट आणि कडे एकदम तुटलेले असतात; त्यामुळे माथ्यावर वस्ती करणे, पाणी साठवणे आणि मोजक्या वाटा अडवून धरणे सोयीचे जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावलेली पैनगंगा येथे मोठे वळण घेऊन डोंगरांना जवळपास तीन बाजूंनी कवेत घेते आणि पुढे जाऊन वर्धा नदीला मिळते. नदीच्या उत्तरेला वऱ्हाडची काळी कापसाची जमीन आणि दक्षिणेला तेलंगणाकडे उतरत जाणारे रान अशी रचना असल्याने या दोन प्रदेशांमधली वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती माहूर असणे आवश्यक होते. येथे पुढे जे जे घडले, त्यातील बरेचसे या एका भौगोलिक कारणाने उलगडते.

माहूरच्या मठाचे वेगळेपण कळण्यासाठी एक तुलना उपयोगी पडते. युरोपात डोंगरमाथ्यावरील मठ आणि त्याच्या आश्रयाने वाढलेले गाव ही जोडी विशेषतः इटलीत जागोजागी दिसते. त्यांतील सर्वांत ख्यातनाम उदाहरण माँते कासिनोचे असून, संत बेनेडिक्ट यांनी इ. स. ५२९ च्या सुमारास रोमच्या दक्षिणेला एका उंच टेकडीवर हा मठ स्थापन केला आणि संन्याशांनी कसे राहावे, किती वेळ प्रार्थना करावी, किती वेळ अंगमेहनत करावी, आलेल्या पाहुण्याचे स्वागत कसे करावे, याची ७३ प्रकरणांची नियमावली सिद्ध केली. हा मठ लोंबार्ड टोळ्यांनी, पुढे ८८३ मध्ये अरब हल्लेखोरांनी, १३४९ मध्ये भूकंपाने आणि १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी उद्ध्वस्त केला, आणि दर वेळी तो पुन्हा उभा राहिला. त्या लढाईत चौथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान याच टेकडीवर लढत होते.

माहूरच्या मठाची आणि अशा ख्रिस्ती मठाची तुलना काही अंतरापर्यंतच नेता येते. बेनेडिक्टच्या परंपरेत संन्यासी एकदा मठात आला की जन्मभर त्याच तटाच्या आत राहतो, तर भारतीय संन्याशाचा मूळ धर्म फिरण्याचा असून चातुर्मासापुरते तो एका जागी थांबतो, आणि मठ म्हणजे या फिरत्या लोकांची गादी, अन्नछत्र व गुरुपरंपरेची जागा असते. माहूरच्या दत्तशिखरावरील मठ दशनामी गोसाव्यांचा आहे. आद्य शंकराचार्यांनी अद्वैती संन्याशांची गिरी, पुरी, भारती, सरस्वती, वन, अरण्य, तीर्थ, आश्रम, पर्वत आणि सागर अशा दहा नावांखाली बांधणी केली, असे परंपरा मानते. दीक्षा घेताना संन्याशाचे पूर्वीचे नाव व कुळ सुटते आणि या दहांपैकी एक नाव त्याच्या नव्या नावापुढे लागते. दत्तशिखराच्या महंतांच्या नावापुढे ‘भारती’ हे पद लागते. वारसा रक्ताचा नसून शिष्याचा असतो, त्यामुळे राजघराण्यांत जी भाऊबंदकी एका पिढीत सगळे संपवून टाकते, ती येथे निदान त्या रूपात शिरत नाही. गादीवरून तंटे मठांतही होतात, पण गादी रिकामी राहत नाही. माहूरचा किल्ला ओस पडला आणि मठ मात्र नांदता राहिला, यामागे वारशाची ही रीत आणि शिखरावर येणाऱ्याला जेवू घालण्याची प्रथा ही दोन कारणे प्रामुख्याने आहेत, असे म्हणता येईल.

दत्तात्रेयाच्या उपासनेत माहूरचे स्थान फार जुने आहे. अत्री ऋषी आणि अनसूया यांचा आश्रम येथे होता आणि ब्रह्मा, विष्णू व महेश हे अनसूयेचे सत्त्व पाहण्यासाठी आले असता तिने आपल्या पातिव्रत्याच्या बळावर त्यांची बालके केली, ही कथा सर्वपरिचित असून तिच्याच आधारे एका शिखरावर अनसूयेचे मंदिर आणि दुसऱ्यावर दत्ताचे स्थान मानले जाते. दत्त रोज निरनिराळ्या क्षेत्रांत फिरतो, ही कल्पनाही महाराष्ट्रात सर्वत्र रुजलेली आहे. मात्र कोणत्या क्षेत्री तो काय करतो याविषयी परंपरांत एकवाक्यता नाही. महानुभाव पंथाच्या समजुतीनुसार तो कोल्हापूरला भिक्षा मागतो, गोदाकाठी पांचाळेश्वरला भोजन करतो आणि निद्रेसाठी माहूरला परततो. म्हणून माहूरचे देवदेवेश्वर मंदिर हे त्या पंथात निद्रास्थान म्हणून वंद्य आहे, तर संस्कृत स्तोत्रपरंपरेत माहूरकडे भिक्षेचा मान जातो.

महानुभावांचा हा संबंध थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात माहूर येते ते याच मार्गाने. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेला हा पंथ श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर या पाच अवतारांना मानतो. त्यांना पंचकृष्ण म्हणतात. फलटणचे चक्रपाणी माहूरला आले असता दत्तात्रेय वाघाच्या रूपाने पुढे आला आणि त्याने आपला पंजा त्यांच्या मस्तकी ठेवून त्यांना ज्ञानशक्ती दिली, अशी कथा पंथात सांगितली जाते. त्यांच्याकडून ती अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंकडे आणि त्यांच्याकडून चक्रधरांकडे आली, असा हा क्रम आहे. येथील अरण्यात वाघाचा वावर असणे मध्ययुगात नवलाचे नव्हते, आणि गुरू वाघाच्या रूपात भेटतो ही कल्पना अशाच प्रदेशात सुचावी, हे समजण्यासारखे आहे. येथील दत्त तीन तोंडांचा नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. महानुभावांचा दत्तात्रेय एकमुखी असून तो त्रिमूर्तींचा एकत्र अवतार नव्हे, तर चारही युगांत वावरणारा स्वतंत्र परमेश्वरावतार मानला जातो. त्यामुळे दत्तशिखर आणि देवदेवेश्वर या अर्ध्या तासाच्या अंतरावरील दोन स्थानांत एकाच नावाच्या देवतेविषयी दोन निराळी तत्त्वज्ञाने नांदतात, आणि भाविक मात्र दोन्हीकडे सारख्याच श्रद्धेने माथा टेकतो.

चौदाव्या शतकात रवळोबास या महानुभाव कवीने ‘सह्याद्रिवर्णन’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. पंथीयांच्या बोलीत सह्याद्री म्हणजे माहूरचाच डोंगर. पंथाने विशेष मानलेल्या सात काव्यग्रंथांत, म्हणजे सातीग्रंथांत, त्याचा समावेश होतो. याच रवळोबासाकडे सकळ लिपीचे जनकत्व दिले जाते. ही सांकेतिक लिपी असून तिच्यात एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर लिहिले जाई, त्यामुळे किल्ली ठाऊक नसलेल्याला पोथी हाती येऊनही वाचता येत नसे. परक्यांच्या हाती ग्रंथ पडून त्यांची विटंबना होऊ नये, हा तिचा हेतू होता. तिचा परिणाम मात्र असा झाला की मराठीतील आद्य गद्याचा ठेवा, ‘लीळाचरित्र’ धरून, पाच-सहा शतके मठांच्या पेट्यांत बंद राहिला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी लिपी उलगडल्यावर तो अभ्यासकांपुढे आला. इटलीतील मठांनी रोमन वाङ्मयाच्या नकला करून ते वाचवले, याचे कौतुक जगभर होते; महानुभाव मठांनी हेच काम मराठीसाठी केले, पण कुलूप लावून केले.

माहूरला येऊन तप करणाऱ्यांत सोळाव्या शतकातील दासोपंतांचे नाव मोठे आहे. बीदरच्या राजवटीत देशपांडेपण सांभाळणाऱ्या घराण्यातील हा पुरुष (१५५१–१६१५) घर सोडून माहूरला आला, बारा वर्षे राहिला, अशी परंपरा आहे. त्याने पुढे अंबाजोगाईला विपुल ग्रंथरचना केली आणि लांबलचक खादीच्या कापडावर तत्त्वज्ञानाचा एक अख्खा ग्रंथ लिहिला, जो ‘पासोडी’ या नावाने प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साताऱ्याकडून आलेले कवी विष्णुदास माहूरलाच स्थायिक झाले, आणि रेणुकेवरील त्यांची पदे आजही विदर्भ-मराठवाड्यात नवरात्रातील आरतीच्या वेळी घरोघरी म्हटली जातात. गावोगावच्या भजनी मंडळांना कवीचे नाव सांगता येते. त्याची समाधी कोठे आहे हे मात्र विचारावे लागते.

लोकांच्या मनात माहूर म्हणजे सर्वप्रथम रेणुकादेवी. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे, तर नाशिक जिल्ह्यातील वणीची सप्तशृंगी हे अर्धे पीठ गणले जाते. कथा अशी की, सहस्रार्जुनाने कामधेनूच्या लोभाने जमदग्नी ऋषींचा वध केल्यावर परशुरामाने एका पारड्यात पित्याचा देह आणि दुसऱ्यात मातेला बसवून कावड खांद्यावर घेतली. जेथे पूर्वी कोणाचेही दहन झालेले नाही अशी कोरी भूमी शोधत तो येथे आला, दत्तात्रेयांच्या आचार्यत्वाखाली अंत्यविधी झाला आणि रेणुका सती गेली. मातेच्या वियोगाने व्याकुळ झालेल्या परशुरामाला आकाशवाणीने सांगितले की ती डोंगरातून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर निघाला नाही, त्याने पाहिले आणि तेवढ्यात फक्त मुख वर आलेले होते. म्हणून येथे मूर्ती नाही, तांदळा आहे. तांदळा म्हणजे कोरीव अवयव नसलेली, शेंदराने लिंपलेली स्वयंभू शिळा. माहूरचा तांदळा सुमारे पाच फूट उंच असून त्यावर डोळे व नाक-मुख उठवलेले आहे, माथ्यावर मुकुट आणि खाली पैठणी असते, आणि गाभारा लहान असल्यामुळे समोर उभ्या राहिलेल्याला देवीचे मुख जवळजवळ सगळी भिंत व्यापून असल्यासारखे भासते. मंदिराचे मूळ बांधकाम देवगिरीच्या यादवांच्या काळातील मानले जाते, मात्र पुढच्या भरीमुळे आणि रंगरंगोटीमुळे यादवकालीन दगड आता शोधूनच पाहावा लागतो.

माहूरचा प्रसाद तांबूलाचा आहे, आणि तो अन्यत्र मिळणाऱ्या विड्यासारखा नसतो. विड्याची पाने, सुपारी, कात, चुना, बडीशेप, वेलदोडा, लवंग असे साहित्य खलबत्त्यात घालून इतके कुटतात की पानाचा देठही वेगळा ओळखू येऊ नये. तयार झालेला ओलसर, तांबडा-हिरवा गोळा देवीच्या मुखी देतात आणि तोच भाविकांना वाटतात. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांच्या दुकानांतून दिवसभर या कुटण्याचा आवाज येत असतो, आणि चढताना ज्यांचा श्वास लागतो ते बहुधा याच दुकानांच्या पुढ्यात टेकतात. हळदी-कुंकू, खण-नारळ, परडी, कवड्यांच्या माळा अशा वस्तूंची सारी उलाढाल याच दोन-अडीचशे पायऱ्यांवर होते, त्यामुळे गावाचे अर्थकारण समजून घ्यायचे तर देवळापेक्षा पायऱ्या अधिक बोलक्या ठरतात.

या डोंगरावर केवळ हिंदू परंपराच आहेत असे नाही. सोनापीर बाबांचा दर्गा माहूरला असून जवळच वझरा येथे शेख फरीद यांचा दर्गा आणि त्यालगतचा धबधबा आहे. यवतमाळहून येणाऱ्या वाटेवर आर्णीलाही बाबा कंबलपोश यांचा दर्गा असल्याने पुष्कळ कुटुंबे जाता-येता दोन्हीकडे थांबतात. परिसरातील तांड्यांवर बंजारा आणि वाड्या-पाड्यांवर गोंड, कोलाम व आंध समाज राहतो. या डोंगरांवर ब्राह्मणी पुराणकथा येण्यापूर्वी येथे कोणाची पूजा होत असावी याचा लेखी पुरावा नाही. परंतु तांदळ्याचे अनघड रूप आणि शेंदराची उपासना पाहता अनेक अभ्यासकांनी महाराष्ट्रातील अशा देवींची मुळे आदिम भूदेवीच्या पूजेत शोधली आहेत, आणि त्या विचाराला माहूर अपवाद असण्याचे कारण दिसत नाही.

किल्ल्याचा इतिहास मात्र लेखी साधनांत बऱ्यापैकी सापडतो. यादवांच्या पाडावानंतर हा मुलूख काही काळ गोंड सरदारांच्या हाती होता. १४२५ च्या सुमारास अहमदशाह बहमनीने माहूर आणि यवतमाळ जिल्ह्यातील कळंब या दोन ठिकाणांवर स्वारी करून ती जिंकली. आज चिंतामणीच्या भूपृष्ठाखालील मंदिरासाठी ओळखले जाणारे कळंब त्या काळी स्वतंत्र ठाणे होते, हे वाचून यवतमाळकरांना नवल वाटेल. बहमनी राज्याचा दिवाण महमूद गावान याने प्रांताधिकाऱ्यांची सत्ता आटोक्यात ठेवण्यासाठी चार मोठ्या प्रांतांचे आठ भाग केले, तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे पडले आणि माहूरवर खुदावंदखान हबशी याची नेमणूक झाली. अर्थात माहूर त्या वेळी एका मोठ्या प्रांताची राजधानी झाले. बहमनी राज्य मोडल्यावर ते वऱ्हाडच्या इमादशाहीत, १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत आणि १५९६ मध्ये वऱ्हाडसह मोगलांकडे गेले. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या विभागांत, माहूर आणि कळंब ही दोन्ही नावे आढळतात.

मोगल काळात माहूरच्या देशमुखीत उदाराम हे घराणे पुढे आले. शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याने १६२३ मध्ये बापाविरुद्ध बंड केले आणि पराभूत होऊन तो दक्षिणेत उतरला, तेव्हा जड सामान आणि हत्ती त्याने माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या हवाली केले आणि तो गोवळकोंड्याच्या वाटेने ओडिशा-बंगालकडे निघून गेला. बापाचे सैन्य पाठीवर असताना आपले हत्ती ठेवायला जी जागा त्याला सुरक्षित वाटली, तिच्या बळकटीविषयी यापेक्षा चांगले प्रशस्तिपत्र शोधणे अवघड आहे. याच घराण्यातील सावित्रीबाई पतीच्या पश्चात स्वतः फौज चालवू लागली, आणि औरंगजेबाने तिला ‘रायबागन’, अर्थात राजव्याघ्री, असा किताब दिला. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडले, त्या वेळी ती खानाच्या सैन्यात होती. शरण जाऊन वाट मागावी, हा सल्ला तिनेच दिला आणि त्यामुळे मोगल सैन्याची कत्तल टळली, असे साधनग्रंथांत नमूद आहे. मराठ्यांच्या इतिहासाची पुस्तके तिला उंबरखिंडीपुरती आठवतात. माहूरला तिची आठवण सांगणारी एखादी पाटी असती तर ते अधिक उचित झाले असते.

किल्ला रेणुकेच्या डोंगराला लागूनच असल्याने देवीच्या दर्शनाला निघालेला माणूस तटाच्या सावलीतून जातो, पण आत शिरणारे थोडे. रामगड या नावानेही ओळखला जाणारा हा किल्ला दोन डोंगरमाथ्यांवर पसरलेला असून त्याचा तट लांबलचक आहे. प्रवेशाच्या दरवाजांपैकी हत्ती दरवाजा विशेष देखणा. त्याच्या कमानीत मोठमोठे घडीव चिरे एकमेकांत अशा रीतीने बसवलेले आहेत की मधले सांधे आजही फारसे उलगडलेले नाहीत. त्याच्या शेजारच्या तटात मात्र पिंपळाच्या मुळ्यांनी चिरे पुढे ढकलले आहेत. आत इंजाळा नावाचा तलाव आहे, आणि एवढ्या उंचीवरील या जलाशयामुळेच किल्ला वेढा सोसू शकत असे. कारण बेसॉल्टच्या डोंगरावर पाण्याचे टाके किंवा तळे नसेल तर तट कितीही उंच असला तरी शिबंदी आठवड्याभरात खाली उतरते. महालांची जोती, कोठारांच्या भिंती आणि बुरूज रानात ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. पावसाळ्यात गवत कंबरेपर्यंत वाढते आणि पायवाटा दिसेनाशा होतात, त्यामुळे नोव्हेंबरपूर्वी आतल्या भागात फिरणे सोयीचे नसते.

अठराव्या शतकात हा भाग हैदराबादच्या निजामाकडे आला, आणि १८५३ च्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार आपल्या हाती घेतल्यावर पैनगंगा ही दोन राजवटींमधली सरहद्द झाली. उत्तरेकडचा, तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाणारा आणि १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळालेला मुलूख इंग्रजी कायद्याखाली, तर माहूर निजामी अंमलाखाली राहिले. कापसाच्या व्यापाराने यवतमाळला रेल्वे, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि शाळा आल्या. माहूर तेथल्या तेथेच राहिले. स्वातंत्र्यानंतरही ते आदिलाबाद जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात होते, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो तालुका नांदेड जिल्ह्यात आला, त्याच वेळी विदर्भही द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. म्हणजे १०३ वर्षांनंतर पैनगंगेचे दोन्ही काठ पुन्हा एका सरकारच्या कारभारात आले. आजच्या जिल्ह्याच्या सीमेवर एक पूल ओलांडून जाताना हा काळ कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि तसे होणे स्वाभाविकच आहे.

गावाच्या पायथ्याशी पांडवलेणी म्हणून ओळखली जाणारी खोदीव लेणी आहेत. राष्ट्रकूटकालीन मानल्या जाणाऱ्या या लेण्यांत जाड, जवळजवळ बिनसजावटीचे खांब असलेला प्रशस्त मंडप असून काम काही भागांत अपुरे राहिलेले दिसते, आणि त्यामुळेच लेणी कशी खोदली जात याची कल्पना येथे पूर्ण झालेल्या लेण्यांपेक्षा अधिक स्पष्ट येते. छिन्नीच्या तिरप्या रेघा, वरच्या अंगाने आधी मोकळा केलेला दगड आणि खालचा अजून न तासलेला ओबडधोबड भाग शेजारी शेजारी पाहता येतो. डोंगरावरील सगळ्या देवळांपेक्षा हे खोदकाम जुने आहे. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे एक छोटेसे संग्रहालयही माहूरला असून परिसरात सापडलेल्या मूर्ती तेथे मांडलेल्या आहेत. वेळ थोडा असेल तर किमान ही दोन स्थळे तरी पाहावीत.

यवतमाळ ते माहूर हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटरचे असून, नागपूर–तुळजापूर महामार्गाने आर्णीवरून धनोड्यापर्यंत आणि तेथून पैनगंगेच्या पुलावरून माहूरला जाता येते. यवतमाळ शहराला लागूनच लोहारा येथे कमळेश्वराचे हेमाडपंती मंदिर आहे. हेमाडपंती म्हणजे चुन्याचा लेप न वापरता, खाचा-कुसवांनी दगडात दगड अडकवून उभारलेले बांधकाम, आणि माहूरला यादवकालीन कामाचे जे अवशेष धूसर झाले आहेत त्यांची पूर्वतयारी म्हणून ते पाहून पुढे निघणे चांगले. रूढ क्रम रेणुका, दत्तशिखर, अनसूया असा आहे आणि सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या हिशेबात तो बसतोही. परंतु या क्रमात किल्ला आणि लेणी दोन्ही सुटतात, म्हणून एक मुक्काम करून पहिला दिवस तिन्ही शिखरांना आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ किल्ल्याला व लेण्यांना द्यावी. नवरात्र, मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती आणि श्रावणी पौर्णिमेची परिक्रमा या तीन वेळी गर्दी अफाट असते, डोंगरावर खासगी गाड्या सामान्यतः सोडत नाहीत आणि एसटीच्याच गाड्यांनी वर जावे लागते. यात्रा पाहायची असेल तर याच वेळी यावे, गाव पाहायचे असेल तर मात्र डिसेंबर-जानेवारीतील एखादा आडवार निवडावा.

रेल्वेने येणाऱ्याला आजवर मुदखेड–आदिलाबाद मार्गावरील किनवट हेच जवळचे स्थानक आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला असून, पुढचा टप्पा पूर्ण झाल्यावर यवतमाळच्या बाजूने येणाऱ्यांची सोय वाढेल. त्याच सुमारास वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत, माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर या तिन्ही पूर्ण पीठांना जोडणाऱ्या सुमारे ८०० किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची योजना पुढे आली आणि तिच्या वाटेतील अनेक जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी भूसंपादनाला विरोध केला. माहूरची अडचण गर्दी कमी येते ही नाहीच. आलेली गर्दी पायऱ्या चढून, प्रसाद घेऊन चार तासांत उतरते, ही आहे, आणि त्यावरचा उपाय वेगवान रस्त्यात नसून हत्ती दरवाजाच्या तटातील पिंपळ काढणे, इंजाळ्यापर्यंतची पायवाट मोकळी ठेवणे आणि लेण्यांपाशी माहिती सांगणारा एक जाणता माणूस नेमणे, अशा अगदी कमी खर्चाच्या कामांत आहे.